शोकेसमधल्या बाटलीचे आयुर्मान

सीलबंद व्हिस्कीला मुदत नसते. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनाही हे मान्य आहे. ज्या पेयात मद्यार्क १० टक्के किंवा त्याहून अधिक असतो, त्याच्या लेबलावर मुदत संपल्याची तारीख छापावी लागत नाही. आरोग्यास हानिकारक असल्याची सूचना मात्र छापावी लागते. म्हणजे पिणाऱ्याचे काही खरे नाही, पण पेयाला धोका नाही, असा एकूण सरकारी अभिप्राय आहे. स्कॉचमध्ये मद्यार्क किमान ४० टक्के असतो, देशात तयार होणाऱ्या व्हिस्की-रममध्ये बहुधा ४२.८ टक्के. (हा चमत्कारिक आकडा म्हणजे इंग्रजांचे ७५ डिग्री प्रूफ. इंग्रज गेले, डिग्री राहिली.) इतक्या मद्यार्कात जंतूंचा निभाव लागत नाही. मध्यमवर्गीय घरात इतकी निर्धास्त वस्तू दुसरी नसते. लोणच्यालासुद्धा बुरशीची धास्ती असते.

नासत नाही म्हणजे मुरते, असा सार्वत्रिक समज आहे आणि तो चूक आहे. व्हिस्की मुरते ती लाकडी पिंपात. लाकडातून रंग येतो, वास येतो, तिखटपणा कमी होतो आणि काही भाग हवेत उडून जातो. स्कॉटलंडच्या थंडीत हे उडणे वर्षाला साधारण दोन टक्के असते. बंगळुरूच्या हवेत त्याच्या कितीतरी पट. स्कॉटलंडचे लोक या उडण्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. एकदा बाटलीत उतरली की व्हिस्कीचे वय थांबते. लेबलावरचे ‘१२’ हे पिंपातले वय असते आणि मिश्रणातल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे असते. १९९८ साली भाच्याने दुबईहून आणलेली बारा वर्षांची स्कॉच आजही बारा वर्षांचीच आहे. दरम्यान भाचा निवृत्तीला आला. तरीही पाहुण्यांसमोर “ही आता चाळिशीची झाली” असे सांगण्याची प्रथा आहे आणि पाहुणेही मान डोलावतात. उघडली गेलीच, तर तेवढीच आशा असते.

जुन्या बाटलीची किंमत वाढते हे मात्र खरे. १९२६ साली गाळलेली आणि ६० वर्षे पिंपात राहून १९८६ साली बाटलीत उतरलेली मॅकॅलन नोव्हेंबर २०२३मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे २२ लाख पौंडांना गेली. ही किंमत दुर्मीळपणाची असते, चवीशी तिचा संबंध नाही. दुबईच्या ड्यूटी-फ्रीमधली, लाखोंनी विकली गेलेली बाटली या अर्थाने दुर्मीळ होत नाही. ती फक्त जुनी होते.

टिकण्याचा उत्तम दाखला अंटार्क्टिकातला आहे. अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या १९०७च्या मोहिमेने केप रॉइड्स इथल्या झोपडीखाली मॅकिन्ले व्हिस्कीची पेटी ठेवली आणि ती तशीच राहून गेली. २०१०मध्ये बर्फातून पेटी निघाली. शतकभर तिथे उणे तापमान होते, तरी व्हिस्की गोठली नव्हती आणि प्यायला योग्यही होती. त्यातल्या तीन बाटल्या तपासणीसाठी २०११मध्ये न्यूझीलंडहून स्कॉटलंडला नेण्यात आल्या. त्यांना या व्हिस्कीच्या कंपनीचे तत्कालीन मालक विजय मल्ल्या यांचे खासगी विमान मिळाले. तपासणी झाल्यावर २०१३मध्ये बाटल्या ठरल्याप्रमाणे अंटार्क्टिकाला परतल्या. मल्ल्या २०१६मध्ये भारताबाहेर गेले.

बाटलीचे खरे शत्रू तीन: ऊन, उष्णता आणि बूच. त्यांतल्या पहिल्या दोघांचे मराठी दिवाणखान्यात जातीने स्वागत होते. बाटली दिसली पाहिजे म्हणून ती काचेच्या शोकेसमध्ये, खिडकीसमोर ठेवतात. बाजूला तिरुपतीची फोटोफ्रेम आणि मुलाला धावण्याच्या शर्यतीत मिळालेला कप. उन्हाने व्हिस्कीचा रंग उतरतो, चव सपाट होते. अंधारे, थंड कपाट सर्वांत चांगले, पण तिथे ठेवलेली स्कॉच कोणाला दिसणार? बुचाचा नियम वाइनच्या उलट आहे. वाइन आडवी ठेवतात, म्हणजे बूच ओले राहते. व्हिस्की उभी ठेवायची, कारण तिचा मद्यार्क बूच खातो. जुने बूच पहिल्या पिळालाच अर्धे हातात येते, अर्धे आत पडते. मग चहाची गाळणी आणली जाते आणि तीस वर्षे जपलेले पेय आल्याच्या वासासह ग्लासात उतरते.

सील सैल पडले की पातळी थोडी खाली येते. बाटली उन्हात नसताना आणि पातळी न हलता रंगच फिका झाला, तर कारण उष्णतेत न शोधता घरातल्या महाविद्यालयीन वयाच्या सभासदांत शोधावे. ज्या घरात हा सभासद अनुभवी असतो, तिथे पाण्यात चहाचा अर्क मिसळून रंगही सांभाळला जातो. अशा भरपाईने मद्यार्क १० टक्क्यांखाली आला, तर नियमानुसार बाटलीला मुदतीची तारीख लागू शकते. ती कोणी छापायची, याबद्दल नियम गप्प आहेत.

बाटली न उघडण्याचे खरे कारण पंचांगात आहे. श्रावण झाला की गणपती, मग पितृपक्ष, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार, अधूनमधून संकष्टी, वर २ ऑक्टोबर आणि निवडणुकांचे ड्राय डे. उरलेल्या दिवसांत योग्य पाहुणा यावा लागतो. साडू आला तर देशी रम निघते. साहेब आले तर त्यांना डॉक्टरांनी बंदी केलेली असते. शिवाय महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार पिण्याला परवाना लागतो. एका दिवसाचाही मिळतो आणि आजन्मही. आजन्म परवाना हजार रुपयांत मिळतो, ही सरकारची फार कमी वाखाणली गेलेली उदारता आहे. बाटलीचा जन्म परवानाधारकाच्या जन्माहून लांब निघण्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. अशा वेळी ती वारसांकडे जाते आणि वाटणीच्या यादीत तिचा उल्लेख नसतो. तरी चौकशी सर्वांत आधी तिचीच होते.

उघडलेल्या बाटलीची गोष्ट वेगळी. आत शिरलेल्या हवेतला प्राणवायू चव हळूहळू उतरवतो. पाऊण भरलेली बाटली दोनेक वर्षे बरी राहते, तळाशी चार पेग उरलेली काही महिन्यांतच मलूल होते. उरलेली व्हिस्की छोट्या बाटलीत, काठोकाठ ओतून ठेवावी, असा जाणकारांचा सल्ला आहे. चकणा चांगला असेल, तर तो सल्ला वापरायची वेळ येत नाही.

व्हिस्कीची ही चिरंजीविता इतर बाटल्यांना लागू करणे हा घरगुती गैरसमज आहे. बिअर आपल्याकडे साधारण सहा महिन्यांची धनी. उन्हात ठेवली तर हॉप्समधल्या कडू द्रव्यांपासून गंधकयुक्त दुर्गंधी तयार होते. तपकिरी काच ते बरेच अडवते, हिरवी आणि पांढरी फारसे नाही. वाइन जितकी जुनी तितकी चांगली, हे मोजक्या वाइनना लागू आहे. बाकीच्या दोन-चार वर्षांत प्यायच्या असतात आणि उघडल्यावर तीन-चार दिवसांत. नाशिकच्या सहलीत घेतलेली बाटली फ्रीजवर, मोटरच्या गरम हवेत, पाच उन्हाळे उभी राहिली की तिचा व्हिनेगरशी सोयरसंबंध जुळतो. गोव्याची काजू फेणी वर्षानुवर्षे टिकते, पण तिची धाकटी बहीण हुर्राक उन्हाळ्यापुरतीच. ती ‘दिवाळीला काढू’ म्हणून आणणाऱ्याने दिवाळीला फार अपेक्षा ठेवू नये. आणि सायीच्या लिक्युअरमध्ये दूध असते, हे विसरून चालत नाही. बेलीज बनवणारे दोन वर्षांची हमी देतात, तीही २५ अंशांखाली ठेवली तर. अकोल्याच्या मे महिन्यात ही अट फक्त फ्रीज पाळू शकतो. तिथे ती कोल्ड कॉफी समजून आजीला देण्यात येण्याचा धोका असतो.

राहता राहिली रिकामी बाटली. काचेला मरण नाही. बरेच दिवस तिच्यात फ्रीजचे पाणी असते, नंतर मनीप्लांट. भंगारवाला साध्या खंब्याला चिल्लर देतो, पण महागड्या स्कॉचची झाकण आणि खोक्यासकट बाटली दिसली की त्याचा सूर मऊ होतो, कारण बनावट माल भरणाऱ्यांना अस्सल लेबलाची गरज असते. म्हणून ती देण्याआधी लेबल फाडावे आणि झाकण ठेचावे. बहुतेक घरांत लेबल फाडायला जीव होत नाही. मग काही महिन्यांनी तीच बाटली, नव्या सीलसह, कोणाच्या तरी भाच्याच्या हातून पुन्हा एखाद्या शोकेसमध्ये दाखल होते आणि तिथे ती बारा वर्षांची असते.