किल्ला नावावर कधी होणार?

वज्रभीमाची ताकद अठरा, चपळाई अठरा, दम अठरा, बुद्धी अठरा, शहाणपण अठरा आणि माणसांवर पडणारी छापसुद्धा अठरा. ज्यांना 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' ठाऊक नाही त्यांना या आकड्यांचं काही वाटणार नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी एव्हाना कपाळावर हात मारला असेल. या खेळात प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि सहा गुणांसाठी सहा वेळा फासे टाकायचे. दर वेळी चार फासे टाकायचे, सगळ्यांत लहान आकडा सोडायचा आणि उरलेल्या तिन्हींची बेरीज करायची. अशी अठरा पडते साधारण बासष्टात एकदा. सहाही वेळा अठराच पडायची असेल तर? माझ्या भाच्याने मोबाइलवर हिशेब केला: सुमारे साडेपाच हजार कोटींत एकदा.

"मी घरीच टाकून आलो फासे," सावकार म्हणाले. "बायको साक्षीला हाय."

इथे खेळ चालवणाऱ्याने, म्हणजे मी, "नाही" म्हणायचं असतं. म्हणून बघा. सावकारांची अडत आहे. माझं सोयाबीन तिथेच जातं आणि सोयाबीन निघायच्या आधीची उचल तिथूनच येते. शिवाय खेळ त्यांच्याच दुकानात, पोत्यांवर बसून, त्यांच्याच चिवड्यावर चालायचा. मी म्हणालो, "नशीब लागतं सावकार," आणि कागदावर सही केली.

हे लचांड आणलं भाच्याने. तो पुण्यात इंजिनिअरिंगला. मे महिन्यात कमलनगरला आला तो पिशवीत वीस पैलूंचा फासा आणि एक जाड पुस्तक घेऊन. "मामा, तुम्ही डंजन मास्टर व्हा, तुम्हाला गोष्टी सांगता येतात," म्हणाला. एवढं पुरलं. 2022च्या एप्रिलमध्ये उदगीरला 95वं साहित्य संमेलन झालं, तेव्हापासून मी स्वतःला साहित्यिकच समजत होतो, फक्त लिहायचं राहिलं होतं. आणि या खेळात लिहायचंही नसतं. खेळाडूंनी आपापलं पात्र सांभाळायचं. बाकीचं सगळं जग, म्हणजे राक्षस, राजे, धर्मशाळेचा मालक, पाऊस, हे डंजन मास्टरने तोंडी चालवायचं. मराठी शाळेत तास चालवणाऱ्याला यात नवीन ते काय?

आम्ही पाच जण. वज्रभीमाचे सावकार. औषधांच्या दुकानाचे मालक, ज्यांना गाव डॉक्टर म्हणतं. त्यांचा एक नाजूक जादूगार. कन्नड शाळेचे सर. त्यांनी चिमणप्पा नावाचा कारकून घेतला होता, तलवार नाही, जादू नाही, फक्त भाषा येतात, त्यातली एक बुटक्यांची. भाचा चोर झाला होता. आणि मी, जगन्नियंता.

आता देणगीविषयी. एखादी खोली जिंकली की तिथे काहीतरी सापडायला हवं, नाहीतर खेळाडू उदास होतात. सावकार उदास झालेले मला परवडणारे नव्हते. म्हणून पहिल्या आठवड्यात ज्वाळांची तलवार सापडली. पुढच्या आठवड्यात आग न लागणारी अंगठी. मग राक्षसाच्या ताकदीचा कमरपट्टा, मग चिलखत, मग त्या चिलखतावर घालायचं चिलखत. शेवटी शेवटी मी तीन इच्छा पुऱ्या करणारी अंगठीही देऊन बसलो, कारण त्या दिवशी भजी होती.

दुखणं नवं नाही, हे मला नंतर कळलं. हा खेळ 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढला, आणि दोनच वर्षांत त्यांच्या कंपनीला कळून चुकलं की गावोगावचे डंजन मास्टर प्रसाद वाटल्यासारखी हत्यारं वाटत सुटलेत. 1976 साली त्यांनी देवांचंच पुस्तक काढलं. नॉर्स देवांचा बाप ओडिन, त्याला तीनशे जीवगुण, म्हणजे मरेपर्यंत सोसायच्या माराचे गुण, दिले आणि प्रस्तावनेत अशा मास्तरांना टोमणा मारला: देवबाप्पाला एवढेच, तर तुमच्या चव्वेचाळिसाव्या पायरीच्या सरदाराला कोण विचारतो? त्या पुस्तकात आपलेही देव आहेत. भाच्याने हे मोठ्या आशेने सावकारांना ऐकवलं. सावकार चिवडा खाता खाता थांबले.

"इंद्राचे किती?"

त्यांच्या सुरात जी चौकशी होती तिने मला घाम फुटला. अशा सुरात ते तुरीचा भाव विचारतात.

तर उपाय. पहिला उपाय कुणालाही सुचेल तोच मला सुचला: मोठा राक्षस. बिचारे गॉब्लिन वज्रभीमाला लागायचेच नाहीत. त्यांचा वार वीस पैलूंच्या फाशावर नेमका वीस पडला तरच बसायचा, आणि बसला तरी सावकार "डास चावला" म्हणून मांडी खाजवून दाखवायचे. म्हणून मी पुस्तकातला प्रौढ लाल ड्रॅगन काढला. याच्या एका फुंकरीत अठरा फासे आग, सरासरी त्रेसष्ट. मी दुकानातले दिवे मालवून, आवाज खोल काढून फुंकर मारली. वज्रभीमाला आग न लागणारी अंगठी होती. ती मीच दिली होती. डॉक्टरांच्या जादूगाराला नव्हती. चुकवायचा फासा चांगला पडून निम्मीच आग लागली, तरी त्याची राख झाली. डॉक्टर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि बीपीची गोळी देताना सुट्टे पैसे नाहीत म्हणाले.

मोठ्याला लागेल असा मार आणला की तो लहानाला मारतो, एवढी अक्कल मला एका जादूगाराच्या बदल्यात आली. जत्रेतल्या कुस्तीच्या फडात पंच मल्लांचे खांदे, मांड्या न्याहाळून जोड लावतो. गावच्या पोराला हिंदकेसरीपुढे ढकलत नाही. मी मात्र चार वेगळ्या वजनांना एकाच आखाड्यात एकाच रेड्यापुढे सोडलं होतं.

मग भाच्याने सांगितलं की खुद्द गायगॅक्सला हीच पीडा होती. त्याच्याकडचे दोन पट्टीचे खेळाडू, रॉबर्ट कुंत्झचा रोबिलार आणि गायगॅक्सच्या मुलाचा टेन्सर, कशालाच बधेनात. त्यांच्यासाठी त्याने एक थडगं रचलं, 'टूम ऑफ हॉरर्स'. 1975 साली बाल्टिमोरच्या मेळाव्यात ते खेळवलं आणि 1978 साली छापलं. त्यात लढाई थोडी, सापळे फार. एका भिंतीवर आ वासलेलं हिरवं राक्षसी तोंड आहे. आत जो शिरला तो संपला, ताकद विचारली जात नाही. मी हर्षभरित झालो. रात्र जागून तेच तोंड बीदरच्या किल्ल्यासारख्या एका किल्ल्याच्या भुयारात बसवलं.

रोबिलारने त्या थडग्यात काय केलं होतं हे भाच्याने मला सांगितलं नव्हतं. त्याने पुढे ऑर्क चालवले होते. सावकारांनी ते कधी ऐकलेलं असणं शक्य नाही, पण हिरवं तोंड बघताच ते म्हणाले, "पुढं हमाल घाला."

"हमाल कुठून आणले?"

"गावातून. रोजानं."

दोन हमाल आत गेले आणि गेलेच. वज्रभीमाने तोंडाला वळसा घातला. सावकारांनी मात्र हमालांच्या घरच्यांना पैसे पाठवले, वहीत लिहून. माणूस वाईट नाही.

तिसरा उपाय चोरीचा. रात्री वज्रभीम झोपला असताना तलवार चोरीला जाते, असं मी मऊ आवाजात सांगितलं. सावकारांनी शांतपणे कागदपेन गोळा केलं आणि म्हणाले, "चालू द्या तुमचं." पुढच्या बाजारच्या दिवशी माझ्या सोयाबीनमध्ये ओलावा जास्त निघाला. त्याच संध्याकाळी तलवार सापडली, चोराला पश्चात्ताप झाला, आणि म्यान सोन्याचं निघालं.

मग मी देवाकडे गेलो. बीदरच्या झरणी नरसिंहाला डोंगराच्या पोटातल्या भुयारातून, छातीएवढ्या पाण्यातून चालत जावं लागतं. डोक्यावर वटवाघळं, पुढे मागे "गोविंदा" म्हणणारी माणसं. त्या पाण्यात रांग अडली असताना मला प्रकाश दिसला. हिरण्यकशिपू! माणसाकडून नाही, पशूकडून नाही, दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, घराबाहेर नाही, शस्त्राने नाही. पुराणातला असा पहिलावहिला खेळाडू, ज्याने डंजन मास्टरकडून लेखी घेतलं. आणि देवाने दिलेला शब्द मोडला नाही. दोन कलमांच्या मधला उंबरा शोधला. कर्णाचंही तेच. कवचकुंडलं फोडायच्या भानगडीत इंद्र पडला नाही, मागायला आला. बर्बरीकाच्या लोककथेत तर कृष्णाने लढाईआधीच डोकं मागून घेतलं. आपले कथेकरी अतिबलवान माणसाशी कधी मारामारी करत बसलेच नाहीत. त्याच्या शब्दाला, व्रताला, हौसेला हात घातला.

मी ओल्या कपड्यांनीच वही काढली. वज्रभीमाच्या चिलखतावर अस्त्र, शस्त्र, नख, दात चालत नाहीत; ठीक. मी एक राक्षस केला जो नुसत्या गाण्याने मारतो.

शनिवारी सावकारांनी गाणं शांतपणे ऐकून घेतलं. मग स्वतःचा कागद माझ्यापुढे सरकवला. चिलखताच्या वर्णनाखाली बारीक अक्षरात होतं: "व इतर सर्व प्रकारे." खाली माझी सही. अडतीच्या पावतीची मागची बाजू ज्याने आयुष्यभर लिहिली, त्याला मी उंबरा शोधायला निघालो होतो.

हरलो. आणि हरलेला मास्तर जे करतो ते केलं: बढती देऊन वर पाठवायचं. खेळाच्या जुन्या नियमात नवव्या पायरीला पोचलेला योद्धा सरदार होतो, गढी बांधून राहतो, हे मी वाचलं होतं. म्हणून राजाकरवी वज्रभीमाला एक अख्खा किल्ला बक्षीस दिला. मनात असं की आता हा तिथे सुखाने राहील, सावकार दुसरं साधं पात्र घेतील, डॉक्टर पुन्हा सुट्टे पैसे देतील.

सावकार खूश झाले. मग जरा वेळाने म्हणाले, "किल्ला दिला म्हणता. नावावर कवा करलालाव?"

मी उत्तर दिलं ते खरंच विचार न करता. "त्याला फेरफार करावा लागेल. पहाणीवर नाव चढायला पाहिजे."

सावकार सरळ बसले. ड्रॅगनपुढे ते असे बसले नव्हते.

किल्ला मी नकाशात नेमका सीमेवर काढला होता. दक्षिणेला बुटक्यांचं राज्य, उत्तरेला एल्फांचं, आणि पूर्वी दोन्ही एकच. त्यात माझी कल्पकता काही नाही. आमच्या बीदर जिल्ह्यातच एके काळी उदगीर, निलंगा, अहमदपूर होते. 1 नोव्हेंबर 1956ला राज्यं नव्याने आखली तेव्हा ते मुंबई राज्यात गेले आणि आम्ही म्हैसूर राज्यात राहिलो. आजही परळीच्या गाडीत बसून एक स्टेशन झोप लागली तर सातबाऱ्याच्या मुलखात जाग येते. म्हणून वज्रभीमाच्या किल्ल्याचा दरवाजा बुटक्यांकडे आणि विहीर एल्फांकडे. बुटक्यांच्या कचेरीतला कारकून म्हणाला, "विहिरीचा उतारा तिकडून आणा." एल्फांच्या कचेरीतला म्हणाला, "दरवाजाचा आधी आणा."

वज्रभीमाने टेबल उचललं. कारकून शेजारच्या टेबलावर जाऊन बसला. वज्रभीमाने छाप पाडायला फासा टाकला आणि चक्क वीस पडले. कारकुनाने उठून खुर्ची दिली, चहा मागवला, आणि म्हणाला, "तुमचं काम करायचंच. साहेब मीटिंगला राजधानीत गेलेत." सावकारांनी दात खाऊन तीन इच्छांची अंगठी काढली. "किल्ला माझ्या नावावर व्हावा!" ढग गडगडले, वीज पडली, आणि वज्रभीमाच्या हातात एक कागद आला: अर्ज मिळाल्याची पोच.

भाचा पोत्यावरून खाली पडला. आणि तेवढ्यात, इतके दिवस फक्त चिवडा खाणारे सर पुढे सरकले. त्यांना या कामाची सवय आहे. अर्ध्या गावाचे कन्नड अर्ज तेच भरून देतात, माझेही. "अर्ज बुटक्यांच्या लिपीत भरावा लागंल," चिमणप्पा म्हणाला. "मला येते." मग त्याने रकाना रकाना विचारायला सुरुवात केली. वडिलांचं नाव? पूर्वीचा कब्जेदार? ड्रॅगन होता? त्याचे वारस किती? डॉक्टरांच्या नव्या जादूगाराने ड्रॅगनच्या पिल्लांचा माग काढायची जादू काढली, भाच्याने कपाटातून जुनी नोंद लांबवली. त्या रात्री दुकानाचं शटर ओढायला उशीर झाला आणि एकाही राक्षसाला कामावर यावं लागलं नाही.

पुढच्या शनिवारी सावकार प्लास्टिकची फाइल घेऊन आले. आत वज्रभीमाचा रहिवासी दाखला, वारसा, चतुःसीमा, ड्रॅगनच्या पिल्लांचं संमतिपत्र अंगठ्यांसह, सगळं दोन प्रतींत. नोटरीचा शिक्का होता, आणि तो खरा होता. कुणाकडून मारून घेतला हे मी विचारलं नाही. मी पानं उलटत गेलो, खोट सापडेना, आणि नाइलाजाने फाइल चिमणप्पाकडे दिली.

सरांनी चष्मा पुसला. पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं.

"सावकार, हे समदं एल्फांच्या भाषेत हाय. इथं बुटक्यांचं भाषांतर जोडावं लागतंय."

"मग जोडा की. किती घेता?"

चिमणप्पाने वज्रभीमाच्या कमरेकडे बघितलं. "तलवार," म्हणाला. "म्यानासकट."