आपण घेत असलेल्या कष्टांबद्दल आभार

प्रति,
मा. प्रमुख, प्रशिक्षण विभाग
मा. प्रमुख, मार्केटिंग विभाग

विषय : कंपनीचा मजकूर कोणालाही सहजासहजी वाचता येऊ नये यासाठी आपण घेत असलेल्या कष्टांबद्दल आभार मानण्याबाबत.

संदर्भ : आपले गेल्या आठवड्यातील परिपत्रक. (विषय समजू शकला नाही.)

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

मी आपल्याच कंपनीत, लेखा विभागात काम करतो. मला दिसत नाही. माझ्या संगणकावर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर आहे. पडद्यावरचा मजकूर तो वाचून दाखवतो आणि मी माउसला हात न लावता कीबोर्डवर काम उरकतो. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला आणि आजही तो फुकट मिळतो. म्हणजे मला वाचता यावं यासाठी कंपनीला छदामही खर्च येत नाही. वाचता येऊ नये यासाठी मात्र आपण जो वेळ, पैसा आणि मनुष्यबळ ओतता, त्याची दखल कुणीतरी घ्यायला हवी होती.

परिपत्रकाचंच घ्या. ते वर्डमध्ये टाइप होतं आणि त्या क्षणी ते मला अथपासून इतिपर्यंत वाचता येतं. हा धोका आपण वेळीच ओळखता. लगेच प्रिंट निघते, साहेबांची सही होते, गोल शिक्का नेमका तारखेवर बसतो, मग तो कागद किंचित तिरका ठेवून स्कॅन होतो आणि त्या छायाचित्राची पीडीएफ सर्वांना मेल केली जाते. माझा स्क्रीन रीडर ती उघडतो आणि कागद कोरा असल्याचं सांगतो. वर्डमधूनच पीडीएफ काढून डिजिटल सही केली असती तर दोन मिनिटांत काम झालं असतं. पण आयतं मिळालेलं यश आपल्याला पचत नाही.

मराठी मजकुरावर तर आपला विशेष लोभ. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांच्या सामाईक अक्षरप्रणालीत, देवनागरी १९९१ पासून आहे. तरी आमच्या माहितीपत्रकांचा मजकूर आधी जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये बदलून घेतला जातो, कारण डिझायनरकडे त्यातली वळणदार अक्षरं आहेत. डोळ्यांना ती मराठी दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ती इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि परदेशी चलनांची चिन्हं असतात, आणि स्क्रीन रीडर ती तशीच वाचतो. आपल्या ग्राहकांना उद्देशून लिहिलेलं ‘दोन शब्द’ मी असंच ऐकलं. पाउंडचा उल्लेख वारंवार आला, त्यामुळे कंपनीची परदेशात भरभराट चालली असावी असं वाटलं.

आता प्रशिक्षण. आपले ऑनलाइन कोर्स अनिवार्य असतात, आणि ‘पुढे’ हे बटन सापडणं ही त्यातली पहिली परीक्षा असते. साधं बटन ठेवलं असतं तर कीबोर्डने दाबता आलं असतं. आपण खास चित्र काढून घेतलं, ते हलतं ठेवलं आणि त्याला नाव द्यायचं कटाक्षाने टाळलं. मला नुसतं ‘बटन, बटन, बटन’ ऐकू येतं. मुंबईत लोकलच्या फलाटावर दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो, तिथे जागा ऐकून कळावी म्हणून बीप वाजत असते. एवढ्या गर्दीत रेल्वेला जे सुचलं, ते शांत, वातानुकूलित खोलीत बसून टाळणं सोपं नाही.

पुढची पायरी म्हणजे चाचणी. ‘योग्य चौकटी माउसने ओढून योग्य जागी सोडा.’ वेळ वीस सेकंद. वाचनाची अडचण असलेल्या, म्हणजे डिस्लेक्सियाच्या, सहकाऱ्यालाही तेवढाच. गेल्या वर्षी याच पद्धतीने माहिती सुरक्षेचा कोर्स आला. त्याचा मुख्य धडा असा होता : आपला पासवर्ड कोणालाही सांगू नका. तो कोर्स पूर्ण करता यावा म्हणून मी माझा पासवर्ड शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सांगितला. त्याने कोर्स दोनदा केला, एकदा स्वतःच्या नावाने आणि एकदा माझ्या. पासवर्ड सांभाळण्यातल्या प्रावीण्याबद्दल मला प्रमाणपत्र मिळालं. वार्षिक अहवालात आपण ‘शंभर टक्के कर्मचारी प्रशिक्षित’ असं लिहिलंत, त्यात मी आहे.

कारखान्यातल्या सुरक्षा प्रशिक्षणाचा व्हिडिओही असाच अभ्यासपूर्ण आहे. निवेदन इंग्रजीत, मागे नाट्यमय संगीत, खाली कॅप्शन नाही. पाहणारे बहुतेक कंत्राटी कामगार, त्यांच्यातले काही कर्णबधिर. ‘सायरन वाजताच बाहेर पडा’ हे वाक्य त्यांच्यापर्यंत पोचत नाही आणि सायरनही पोचत नाही. व्हिडिओखाली कॅप्शन दिलं असतं आणि भिंतीवर लुकलुकणारा दिवा लावला असता तर दोन्ही प्रश्न सुटले असते, आणि मग पुढच्या वर्षी नवा व्हिडिओ करायचं कारण उरलं नसतं.

कोर्समधली पात्रं हाही आपल्या प्रतिभेचा आविष्कार आहे. साहेब नेहमी पुरुष, स्वागतकक्षात नेहमी बाई, चोरी करताना पकडला जातो तो नेहमी खाकी शर्टातला. अंध माणूस फक्त ‘संवेदनशीलता’ या भागात येतो आणि त्याला हात धरून रस्ता ओलांडून दिला जातो. तो कधी हिशेबातली चूक काढत नाही, कुणावर चिडत नाही, रजेचा अर्ज करत नाही, आणि साहेब तर कधीच होत नाही. मी या चारपैकी तीन गोष्टी नेमाने करतो. चौथीचा विचार आपणच करावा.

मार्केटिंगच्या मंडळींना वगळणं अन्यायाचं होईल. दिवाळीच्या ऑफरचा सगळा तपशील (किंमत, अटी, फोन नंबर) आपण एका चित्रात कोंडता आणि व्हॉट्सॲपवर पाठवता. माझ्यासारख्या ग्राहकाला फक्त ‘ग्राफिक’ असं ऐकू येतं. डोळे असलेल्यांनाही तो नंबर बोटाने दाबून फोन लावता येत नाही, म्हणजे समानतेचं तत्त्व इथे तरी पाळलं गेलं आहे. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं ही आपली आवडती रंगसंगती. वेब सुलभतेच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ इतकी रंगतफावत सांगितली आहे. ती न पाळल्यामुळे चाळिशी लागलेला निम्मा ग्राहकवर्ग आणि भर उन्हात मोबाइल धरून उभा असलेला आपलाच विक्री प्रतिनिधी, दोघेही डोळे बारीक करून पाहतात. त्याला आपण ‘ग्राहक जाहिरातीत गुंतला’ असं म्हणत असाल.

३ डिसेंबरला, आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिनी, आपण पोस्टर काढता. त्यात परदेशी छायाचित्रातली, व्हीलचेअरवरची हसरी व्यक्ती असते. आपल्या इमारतीच्या दाराशी पाच पायऱ्या आहेत, त्यामुळे ती परदेशातच राहिली हे बरं. पोस्टरवर संदेश असतो म्हणे. तो चित्रात असल्यामुळे ज्यांचा दिवस, त्यांच्यापैकी आम्हा काहींना तो आजवर कळलेला नाही.

या सगळ्यात एक किरकोळ अडचण आहे, ती म्हणजे कायदा. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले आणि प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावं असं ठरलं. आपण ते संकेतस्थळावर लावलंही आहे, म्हणजे त्याचा फोटो लावला आहे. कायदा मोडल्यास पहिल्यांदा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, पुढे पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुलभतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवणारा नियम रद्दबातल ठरवला आणि सक्तीचे निकष आखायला सरकारला सांगितलं. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात तर डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. हे निकाल आपल्यापर्यंत पोचले नसतील, तर आपण ते स्कॅन करून मागवले असावेत.

‘चार माणसांसाठी एवढं कोण करणार?’ हा प्रश्न आपण बैठकीत विचारलात. मी तिथेच होतो, मला ऐकू येतं. पण करायचं काहीच नव्हतं, फक्त काही गोष्टी करायच्या थांबवायच्या होत्या. सगळं तयार झाल्यावर ‘आता हे जरा दिव्यांगांसाठी बघा’ म्हणून फाइल पाठवणं म्हणजे पंगत उठल्यावर मीठ वाढणं. म्हणून पुढील विनंत्या :

१. फाइल जशी टाइप केली तशीच पाठवा. मराठी युनिकोडमध्येच लिहा आणि शीर्षकांना वर्डमधली शीर्षकाची स्टाइल द्या, म्हणजे मला पानभर चाचपडत बसावं लागणार नाही.

२. प्रत्येक चित्रामागे त्याचं वर्णन करणारी एक ओळ लिहा. ‘आनंदी कर्मचारी’ असं नको. चित्रातला मजकूर आणि आकडे त्या ओळीत आले पाहिजेत.

३. व्हिडिओला माणसाने तपासलेलं मराठी कॅप्शन द्या. लोकलमध्ये इअरफोन विसरलेले सहकारीही दुवा देतील.

४. ‘लाल म्हणजे अपूर्ण, हिरवं म्हणजे पूर्ण’ एवढ्यावर थांबू नका, शब्दही लिहा. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे पुरुष प्रत्येक मोठ्या ऑफिसात असतात, ते सांगत नाहीत इतकंच.

५. कोर्स विकत घेताना पर्चेस ऑर्डरमध्ये सुलभतेची अट घाला. आयएस १७८०२ हे भारतीय मानक त्यासाठीच आहे. पैसे देण्याआधी माउस काढून ठेवा आणि कोर्स स्वतः पूर्ण करून दाखवा.

६. पहिली स्लाइड बनवण्याआधी आम्हाला बोलवा. आम्ही तपासून देऊ, पण तो वेळ कामाचा म्हणून धरा. पुष्पगुच्छ नको.

कळावे,

आपला,
प्रमाणित व प्रशिक्षित कर्मचारी, लेखा विभाग

ता. क. : माहिती सुरक्षेचा यंदाचा कोर्स पुढच्या महिन्यात असल्याचं कळलं. शेजारचे सहकारी तेव्हा रजेवर आहेत. माझा पासवर्ड कोणाला सांगायचा, ते लेखी कळवावे. कृपया स्कॅन करू नये.