टंच काढणारे आण्णा

विट्याकडच्या माणसाला सोनं कळतं म्हणतात, आणि ते खोटं नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव, पलीकडचे खटाव-माण या पावसाने पाठ फिरवलेल्या पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगली. जिथं सराफकट्टा आहे तिथं एखाद्या बोळात छोटी भट्टी असते, तेजाबाचा वास असतो आणि अस्सल आपल्या बोलीत शिव्या देणारा माणूस असतो. जुना दागिना वितळवायचा, हीण बाजूला काढायचं, टंच म्हणजे सोन्याचा कस सांगायचा. आण्णा १९७२च्या दुष्काळात चुलत्याचं बोट धरून कानपूरला गेले तेव्हा नववीत होते. उभा जन्म भट्टीपुढं काढून दुकान पोराच्या हवाली केलं आणि गावी परतले. आता हायस्कुलासमोरच्या चहाच्या गाड्यावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांचा टंच काढतात.

हे आण्णा आमच्या विट्यातच आहेत असं समजू नका. प्रत्येक तालुक्याच्या गावी हायस्कुलाच्या फाटकासमोर एक बाकडं असतं आणि बाकड्यावर आण्णा असतात. कुठं ते निवृत्त कंडक्टर असतात, कुठं सोसायटीचे माजी चेअरमन. आमच्याकडे गलाईवाले, एवढाच फरक. शाळा भरायच्या अर्धा तास आधी ते हजर होतात. मुख्याध्यापक उशिरा येऊ शकतात, आण्णा नाही.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "कुनाचा रं तू?"

या प्रश्नाला नाव सांगून भागत नाही. बापाचं नाव, आडनाव, गाव, वस्ती, आईचं माहेर एवढी साखळी लागल्याशिवाय आण्णांना समोरचा पोरगा दिसतच नाही. साखळी लागली की निकाल झटपट लागतो. "आज्जा देवमाणूस, बाप बरा, आनि ह्यो असला." पिढीगणिक टंच उतरत चाललाय हा त्यांचा सिद्धांत आहे आणि त्याला अपवाद फक्त स्वतःच्या नातवाचा. तो सोळाव्या वर्षी गाडी उडवतो, पण त्याला क्लासला उशीर होतो म्हणून. इतर पोरं उडवतात ती माजानं. अल्पवयीन पोराच्या हाती गाडी दिली तर पालकाला पंचवीस हजार दंड होतो, हा २०१९चा कायदा आण्णांना तोंडपाठ आहे. तो ते सगळ्यांच्या पालकांना ऐकवतात.

पोरं मात्र आण्णांना पुरून उरली आहेत. 'कुनाचा रं तू' आलं की ती धडधडीत दुसऱ्याच्या बापाचं नाव सांगतात. आण्णांनी एकदा एका यंत्रमागवाल्या गृहस्थाला भर बाजारात गाठून, तुमचं कार्टं शाळेच्या मागं सिगारेट ओढत होतं, अशी वर्दी दिली. त्या गृहस्थांना दोन मुली. एक नर्सिंगला, एकीचं लग्न झालेलं. ते गृहस्थ हसले ही त्यांची चूक, कारण मग आण्णांनी त्यांचाही टंच काढला.

बाकड्यावर आण्णा एकटे नसतात. निवृत्त तलाठी भाऊसाहेब असतात. आयुष्यभर शेतकऱ्यांना उद्या या, परवा या म्हणून फिरवलेल्या भाऊसाहेबांना आजच्या पोरांत शिस्त दिसत नाही, वेळेची किंमत तर मुळीच दिसत नाही. वडापाववाला असतो. 'ही पोरं घरचं खातच नाहीत' ही त्याची खंत, आणि ती तो तिसरा घाणा काढता काढता सांगतो. पलीकडच्या सलूनचा मालक गिऱ्हाईक नसलं की कात्री हातात घेऊनच येतो.

"डोस्क्याचं काय करून घेत्यात बघा आण्णा. बाजूनं तासल्यालं, वरनं झुडूप."

"कोन करून देतं रं त्यास्नी?"

"मीच की. दीडशे घेतो."

आण्णांनाही यात काही विसंगती वाटत नाही. गिऱ्हाईक हे गिऱ्हाईक आणि बिघडलेली पिढी ती बिघडलेली पिढी. दोन्ही खाती वेगळी. रिचार्जवाला पोरांच्या मोबाइलवर घसरतो, क्लासवाले सर शाळेत काही शिकवत नाहीत म्हणून हळहळतात. हायस्कुलातल्या हजारभर पोरांवर अख्ख्या रस्त्याचं पोट चालतं आणि त्याच रस्त्याला ती डोळ्यांपुढं नको असतात. मे महिन्यात शाळेला कुलूप लागलं की बाकड्यावर जी मरगळ येते ती बघण्यासारखी असते. भाऊसाहेब पेपरातलं शब्दकोडं सोडवायला घेतात. आण्णा रिकाम्या फाटकाकडे बघत, आता पोरं घरात बसून बिघडत असतील, एवढं म्हणून चहा सांगतात.

फाटकाच्या भिंतीवर एक पाटी आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला मनाई असल्याची, २००३च्या कायद्याची. या पाटीखाली सावली चांगली पडते, म्हणून आण्णा तंबाखू तिथंच मळतात. पोरं मावा खातात म्हणून त्यांचा जीव तुटतो. "आमच्या वक्ताला असलं न्हवतं," असं ते चुना लावता लावता म्हणतात.

आता या 'आमच्या वक्ताला'विषयी थोडं. एकदा चहावाल्याने हिशेब मांडला. "आण्णा, तुमी हायस्कुलात आठवी केली, नववीत दिवाळीनंतर कानपूरला गेला. म्हंजी तुमचा वकत दीड वर्साचा." गाड्यावर क्षणभर कुणी बोललं नाही. आण्णांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "पर त्यो दीड वर्सं वकत हुता!" खरं तर ज्या वयात त्यांनी शाळेच्या भिंतीवरून उड्या मारायच्या त्या वयात ते चुलत्याच्या भट्टीपुढं डोळे चोळत बसले होते. पण हे ते सांगत नाहीत. सांगतात ते एवढंच, की मालकाचा डोळा चुकवून त्यांनी 'बॉबी' पाहिला, पुन्हा पुन्हा पाहिला आणि पहिल्या पगारात बेलबॉटम शिवली. तिची मोहरी एवढी रुंद, की सुट्टीला गावी आल्यावर त्यांच्या वडिलांनी ती पाहून जे उद्गार काढले ते आजही बाकड्यावर जसेच्या तसे चालतात, फक्त फाटक्या जीन्सकडे बघून. १९७३ साली 'बॉबी'नं पोरं बिघडवली, १९८१ साली 'एक दूजे के लिए'नं, २०१६ साली 'सैराट'नं. अधल्यामधल्या वर्षी ती आपापल्या बळावर बिघडली असावीत.

परीक्षेच्या मोसमात आण्णांचं तोंड जरा आवरतं. दहावीचे पेपर सुरू झाले, की आसपासच्या कुठल्या ना कुठल्या केंद्राच्या खिडक्यांना कॉपी पुरवणारी माणसं लोंबकळलेली असतात आणि त्यांतली बरीचशी मिशीवाली, लेकुरवाळी असतात. आत बसलेली पोरं लाजून मान खाली घालतात, कारण खिडकीत काका असतात. असला विषय निघाला की आण्णा सोन्याच्या भावावर येतात.

मुलींविषयी त्यांचं मत एकच आहे. "येवढं हसायला काय झालंय?" वाड्या-वस्त्यांवरून एसटीनं येणाऱ्या मुली फुकट पासावर येतात, गटानं उतरतात आणि फाटकापर्यंत हसत जातात. कशाला हसतात हे आण्णांना कळत नाही, आणि आपल्याला हसतात की काय हा संशय त्यांना शांत बसू देत नाही. एकदा त्यांनी नववीतल्या एकीला अडवलंच. मोबाइलवर आजचा भाव काढून दे, म्हणाले. तिनं काढून दिला. मग आण्णांतला गलाईवाला जागा झाला.

"बावीस कॅरेट म्हंजी किती टंच, सांग बरं?"

पोरीनं दप्तर खांद्यावर सरकवलं. "चोवीसातले बावीस. एक्याण्णव पूर्णांक सहासष्ट."

"नऊशे सोळा म्हन्त्यात त्याला. दागिन्यावर शिक्का असतोय."

"पण आण्णा, हजारात नऊशे सोळा पूर्णांक सहासष्ट येतंय. अर्ध्याच्या वर गेलं की पुढचा आकडा धरतात. मग नऊशे सतरा का न्हाई मारत?"

जन्मभर नऊशे सोळा म्हणत आलेल्या आण्णांना हा प्रश्न कधी पडला नव्हता. त्यांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी शब्दकोड्याकडे पाहिलं. पोरगी हसत मैत्रिणींत गेली आणि या वेळी ती कशाला हसली हे सगळ्या गाड्याला कळलं. त्या रात्री कानपूरला फोन झाला, पोराला झोपेतून उठवून नऊशे सतराची चौकशी झाली. पोरगा म्हणाला, आण्णा, बीपीची गोळी घेतली का?

गेल्या वर्षी शाळेनं आण्णांना स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. गलाईवाल्यांच्या देणग्यांवर या भागात देवळांचे कळसही चढलेत आणि शाळांच्या खोल्याही उभ्या राहिल्यात, तेव्हा त्यात नवल नव्हतं. नवल होतं ते त्यांच्या तयारीचं. केस, मोबाइल, जीन्स, मावा, गाड्या, हसणं असे मुद्दे त्यांनी भाऊसाहेबांकडून टिपून घेतले होते. कागद खिशात, फेटा डोक्यावर. माइकपुढं उभे राहिले आणि समोर हजार पोरं गप्प बसलेली पाहिली. ती एवढी गप्प बसू शकतात हेच त्यांना ठाऊक नव्हतं. कागद खिशातच राहिला. "मुलांनो, मैदानाला हॉलीबॉलची जाळी न्हाई, ती मी देतो," एवढं बोलून आण्णा खाली बसले. जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर होता.

दुसऱ्या दिवशी बाकड्यावर सलूनवाल्याने मुद्दाम खोडी काढली. "काय आण्णा, बिघडल्याली पोरं कशी वाटली जवळनं?"

"आपल्या हायस्कुलाची पोरं गुनी हायती रं," आण्णा तंबाखू मळत म्हणाले. "बिघडलीत ती स्टँडामागच्या हायस्कुलातली. चल, उद्यापास्नं जरा तिकडं बसू."