काळी आणि पांढरी

(परभणीजवळचा नवा बंगला. मे महिना. दिवाणखान्याच्या भिंतीला तिरकी भेग.)

बंगलेवाले : मिस्त्री, सिमेंट कुठलं वापरलंत? भेगेत बोट जातंय!

मिस्त्री : अंगणातल्या भेगेत कुदळीचा दांडा जातोय, साहेब. जमीनच फाटली, भिंत काय करील?

बंगलेवाले : पावसाळ्यात मिटते मात्र. मी शेजाऱ्यांना सांगितलं, काम पक्कं आहे, जखम आपोआप भरते!

मिस्त्री : काळी माती ती. पाणी प्याली की फुगते, वाळली की आक्रसते. बेसॉल्ट झिजून झालीय. बेसॉल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा.

बंगलेवाले : इतका जुना माल, अजून बसला नाही?

मिस्त्री : कसा बसेल? कण ०.००२ मिलिमीटरहून बारीक, त्यालाही पापुद्रे. भिजलेल्या वहीसारखं पानापानांत पाणी शिरतं. कॉलेजातले साहेब त्याला मॉन्टमोरिलोनाइट म्हणतात. नाव घेताना आमचीच कवळी हलते.

बंगलेवाले : मेव्हण्याचं घर रत्नागिरीत. केसाएवढी भेग नाही.

मिस्त्री : खालचा दगड तोच, पण तिकडचा धो-धो पाऊस त्यातली सिलिका, चुना, मॅग्नेशियम धुऊन नेतो. उरते जांभ्याची तांबडी माती. तिच्या पापुद्र्यांत पाणी शिरत नाही. आपल्याकडे पाऊस बेताचा, म्हणून सगळं जागच्या जागी.

बंगलेवाले : म्हणजे दोष पाण्याचा!

मिस्त्री : पाण्याच्या चढउताराचा. ओल बारा महिने सारखी राहिली तर ही माती गप्प बसते. तुम्ही पूर्वेला लॉन केलं, रोज पाइप चालू. पश्चिमेला कडुनिंब, तो पायाखालची ओल ओढतो. घर एकीकडे उचललं, एकीकडे खचलं.

बंगलेवाले : उद्याच निंब तोडतो!

मिस्त्री : तोडा. मग पश्चिमेची माती पाणी पिऊन फुगेल आणि नवी भेग पडेल.

बंगलेवाले : मग करू काय?

मिस्त्री : बांधतानाच म्हणालो होतो, साडेतीन मीटर खोल, बुडाशी फुगीर असे अंडररीम पाइल घ्या. तिथं ओल फारशी बदलत नाही. तुम्ही म्हणालात, पैसे मातीत कशाला घालू? आता घराभोवती रुंद फरशी करा, पन्हळीचं पाणी लांब सोडा, लॉन मागं न्या.

बंगलेवाले : जुन्या लोकांची घरं बरी टिकली!

मिस्त्री : ते काळीत पेरायचे नि पांढरीत, म्हणजे गावठाणाच्या पांढऱ्या मातीवर, राहायचे. तुमच्या आजोबांचा वाडा पांढरीतच ना?

बंगलेवाले : तो विकूनच तर हा प्लॉट घेतला.

मिस्त्री : ठाऊक आहे. घेणारा मीच. अजून एक भेग नाही, साहेब!