पटाबाहेरचे आप्पा

कराडात प्रीतिसंगमाच्या बागेत संध्याकाळी कुणीही बुद्धिबळाचा पट मांडो, दोन खेळ्या होतात न होतात तोच तिसरं डोकं पटावर वाकतं. ते आप्पांचं. पांढरा शर्ट, पायजमा, काखेत बारमाही छत्री आणि गालात बडीशेप. आप्पा खेळत नाहीत, ‘नुसतं बघतात’. हे बघणं यशवंतरावांच्या समाधीपाशी उभ्या माणसालाही ऐकू जातं.

“आरं मध्य धर, मध्य! कडंची प्यादी ढकलून काय पेरणी करायची हाय?”

सल्ला दोन्ही बाजूंना. पांढऱ्याला म्हणतील, “उंटाची वाट मोकळी कर.” त्यानं केली की लगेच काळ्याकडे वळून, “बघितलंस? उंट मोकळा झाला त्याचा. आता तू घोडा काढ.” डाव कुणीही जिंको, आप्पा कधी हरत नाहीत.

त्यांची दीक्षा सांगलीची. भाऊसाहेब पडसलगीकरांनी 1941 साली काढलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा बघायला तरुणपणी एसटीनं जायचे. तिथं प्रेक्षकानं तोंड उघडायचं नसतं. तेव्हा जे साठलं ते अजून कराडात बाहेर पडतंय.

तत्त्वं मात्र पक्की आहेत, हे कबूल करायला हवं. एकच मोहरा सारखा हलवू नये. सगळी मोहरी बाहेर आल्याबिगर हल्ला नाही. राजाला वेळेत किल्लेकोटात घालावं. वजीर लवकर काढू नये, कारण समोरचा त्याला हुसकावत हुसकावत आपली मोहरी फुकटात बाहेर काढतो. घोडा तर कडेला नकोच: पटाच्या मध्यावर तो आठ घरांवर नजर ठेवतो, कोपऱ्यात फक्त दोन.

हे शेवटचं तत्त्व आप्पा लग्नातही पाळतात. पंगतीत कडेला बसणार नाहीत, बरोबर मध्यावर. दोन्हीकडून येणारे वाढपी त्यांच्या टप्प्यात. थोरल्याच्या लग्नाची बोलणी करायला गेले तर आधी दोन चुलते, एक मेव्हणा आणि शेजारचे मास्तर अशी सगळी मोहरी मुलीकडच्यांच्या सोप्यात बसवली, मग तोंड उघडलं. तोवर चहाच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या आणि तारीख काकूंनी आत स्वयंपाकघरात परस्पर ठरवली होती.

काकूंचं या शास्त्राबद्दलचं मत एका वाक्यात आहे. “वजीर लवकर बाहेर काढू नये म्हणतात, आन् मला पहाटं पाचला दुधाला धाडतात.”

एकदा कुणीतरी आप्पांना खेळायला बसवलंच. समोर गल्लीतली दहा वर्षांची पोर. 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून ही पोर पट घेऊनच हिंडते. आप्पांनी छत्री बाकाला टेकवली, राजापुढचं प्यादं दोन घरं सारलं आणि दुसऱ्याच खेळीला वजीर बाहेर!

बघ्यांत चुळबुळ झाली. आप्पांना चार खेळ्यांची मात करायची होती. राजाशेजारच्या उंटापुढच्या प्याद्याला सुरुवातीला एकट्या राजाचाच जोर असतो, तिथं वजीर आणि उंट मिळून घुसायचं. लहान पोरांना गंडवायचा हा जुना डाव. पोरीनं घोडा काढला. मग प्यादं सारून वजिराला हुसकावलं. मग दुसरा घोडा. आप्पांचा वजीर एसटी चुकलेल्या माणसासारखा पटभर फिरत होता आणि बाकीची मोहरी घरात झोपलेली. राजाचा किल्लेकोट तर राहूनच गेला.

पोर हळूच म्हणाली, “आप्पा, एकच मोहरा किती वेळा हलवताय?”

“तू तुझं बघ.”

थोड्याच वेळात मात बसली. आप्पांनी पट खालून-वरून न्याहाळला, बडीशेप गिळली आणि अखेरचं अस्त्र काढलं. त्यांचे आजोबा देशी पद्धतीनं खेळायचे. त्यात प्यादं एकच घर सरकतं, किल्लेकोट नाही, पण राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. आप्पांनी राजा उचलला आणि अडीच घरं पलीकडे ठेवला.

“देशीत चालतंय.”

“शह बसायच्या आधी चालतंय, आप्पा. शह बसल्यावर नाही. तुम्हीच सांगितलंय.”

बाकाभोवती हशा झाला. आप्पा क्षणभर पोरीकडे बघत राहिले, राजा आडवा केला आणि खिशात हात घालून तिच्यासाठी भेळ मागवली, तिखट कमी.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बागेला बातमी कळली. आप्पांनीच सांगितली, प्रत्येक बाकापाशी थांबून. वजिराच्या भटकंतीचा त्यात उल्लेख नव्हता. “काय खेळती पोर! अगदी तत्त्वानं. मध्य सोडला नाही पठ्ठीनं. मीच शिकवलीय.”

एवढं बोलून ते पलीकडच्या पटावर वाकले. “आरं, वजीर कुठं निघाला एवढ्यात?”