भोक खिळ्यासाठी नसतं

तबकडीच्या मधोमध जे भोक असतं ते खिळा ठोकण्यासाठी नसतं. हे छापून सांगण्याची वेळ आली आहे. मुंबईत, पुण्यात कॉफीचं नवं दुकान उघडतं आणि त्याची एक भिंत काळ्या तबकड्यांनी भरून निघते. कुणाच्या पोटात खिळा, कुणाच्या पाठीला दुहेरी चिकटपट्टी. कुणाला घड्याळाचे काटे बसवलेले, कुणाला लेझरने कापून त्यातून नटाचा चेहरा काढलेला. खाली बसून माणसं फोटो काढतात. वर छतातल्या स्पीकरमधून कुणाच्या तरी फोनवरची यादी वाजत असते.

भिंतीवर कव्हर लावण्याला माझी हरकत नाही, उलट आग्रह आहे. कव्हर बघण्यासाठी जन्मलं, तबकडी ऐकण्यासाठी. सजावटवाल्यांनी हा फरकच पुसून टाकला आहे, आणि भांडण आहे ते तेवढ्याचसाठी.

लाखेच्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्यांना बरीच वर्षं कव्हर असं नव्हतंच. खाकी कागदाचं पाकीट, मधे गोल खिडकी आणि त्या खिडकीतून दिसणारी छापाची चकती. बस. 1940च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने तबकड्यांच्या संचावर चित्र छापायला लावलं आणि दुकानाच्या फळीवर पहिल्यांदा रंग आला. 1948मध्ये त्याच कंपनीने 12 इंची एलपी बाजारात आणली. व्हिनाइलची, मिनिटाला 33⅓ फेऱ्यांची. तेव्हापासून चित्रकाराच्या हाती फूटभर लांब, फूटभर रुंद जागा आली. पुस्तकाच्या मुखपृष्ठालाही एवढं अंगण मिळत नाही. पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांनी 1967मध्ये बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’साठी त्या जागेत अख्खी गर्दी उभी केली. त्याच वर्षी चित्रकार अँडी वॉरहॉलने व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडच्या कव्हरावर सोलता येणारं केळं चिकटवलं. अशी चित्रं भिंतीवर हवीतच. ती संग्रहालयात लागतात तर घरात का नकोत?

पण कव्हर कुणासाठी आहे, हे कव्हर करणाऱ्यांनाही विसरता आलं नाही. 1971मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘स्टिकी फिंगर्स’च्या कव्हरावर खरीखुरी धातूची झिप बसवली होती. कल्पना वॉरहॉलची. तबकड्या एकीवर एक रचून रवाना झाल्या आणि झिपने शेजारच्या तबकडीच्या खाचा दाबल्या. उपाय काय निघाला, तर रवाना करण्याआधी झिप मधोमध ओढून ठेवायची, म्हणजे वळ उठला तरी मधल्या कागदी चकतीवर उठेल, खाचेवर नाही. त्या काळातल्या सगळ्यात वात्रट कव्हरालाही खाचेपुढे मान तुकवावी लागली. आपल्याकडे आज भिंतीसाठी तीच खाच ड्रिलखाली जाते.

ती खाच म्हणजे काय चीज आहे, हे एकदा मोजून बघा. वीस मिनिटांच्या एका बाजूवर तबकडी साधारण 667 फेरे घेते. सगळे फेरे सरळ ताणले तर 400 मीटरहून लांब एकच सलग रेघ होते. तिच्या दोन्ही कडांवर श्वास घेण्याची जागा, तानेचा वेग, तबल्याची थाप, हे सगळं केसाहून बारीक वळणांत कोरलेलं असतं. विजेची गरज तबकडी फिरवायला आणि आवाज मोठा करायला. आवाज त्या पदार्थातच आहे. डोळ्याने तो दिसत नाही, म्हणून सजावटवाल्याला ती नुसती काळी चकती वाटते.

आता कव्हराची पाठ. सुबक चौकट करून, मागून सील मारून आपण जेव्हा कव्हर टांगतो, तेव्हा त्याची अर्धी बाजू भिंतीला चिकटते. हिंदुस्थानी संगीताच्या बाबतीत ही अर्धी बाजूच मोलाची. राग कोणता, ताल कोणता, बंदिश विलंबित की द्रुत, तबल्यावर कोण, पेटी की सारंगी, मागे तंबोऱ्यावर कोणता शिष्य: रसिकांच्या दोन पिढ्या घराण्यांची ओळख त्या मागच्या मजकुरातून शिकल्या. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ घ्या, 1967ची. शिवकुमार शर्मांचं संतूर, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, हरिप्रसाद चौरसियांची बासरी. तिघांची नावं सगळ्यांना पाठ. पण तबला माणिकराव पोपटकरांचा, हे किती जणांना ठाऊक आहे? आणि या तबकडीची कल्पना एचएमव्ही कंपनीत आकाराला आणणारे जी. एन. जोशी, ज्यांच्या आवाजात महाराष्ट्राने भावगीताची पहाट ऐकली, त्यांचं नाव किती जण घेतात? काश्मीरमधल्या एका दिवसाची गोष्ट रागांच्या प्रहरक्रमाने सांगणारी ती तबकडी आहे. ती गोष्ट माहीत नसेल तर भिंतीवर उरतं फक्त एक छान चित्र. कव्हराची दर्शनी बाजू चित्रकाराची असते, मागची साथीदारांची. साथीदारांना भिंतीकडे तोंड करून उभं करू नका.

नाव हरवण्याची भीती पहिल्या दिवसापासून होती. 1902मध्ये कलकत्त्यात गायिका गौहरजानचं गाणं मुद्रित झालं, तेव्हा तबकड्या बनायच्या जर्मनीत, हॅनोवरला. तिथल्या कामगारांना कोणता आवाज कुणाचा हे कळावं, म्हणून गाणं संपताच तिने इंग्रजीत आपलं नाव पुकारलं. तेव्हाच्या कित्येक गायक-गायिकांनी तेच केलं. चित्र नव्हतं, कव्हर नव्हतं, तर आवाजाने स्वतःची ओळख स्वतः दिली. खिळ्यावर लटकलेली तबकडी ते नाव सांगू शकत नाही.

या विषयावर बोलताना गायिका केसरबाई केरकरांना वगळून चालणार नाही. गोव्यातल्या केरीच्या केसरबाईंनी भैरवीत गायलेली ‘जात कहाँ हो’ ही साडेतीन मिनिटांची चीज 1977मध्ये व्हॉयेजर अवकाशयानांवर चढली आणि आज ताऱ्यांमधल्या अवकाशात आहे. केसरबाई त्याच वर्षी 16 सप्टेंबरला गेल्या. दुसरं यान उडून जेमतेम अकरा दिवस झाले होते. ध्वनिमुद्रणाची त्यांना फारशी ओढ नव्हती. त्यांचा आवाज तबकड्यांवर मोजकाच उरला, आणि त्यातला एक तुकडा तिथवर पोचला.

त्या यानावर तबकडी कशी ठेवली आहे, ते बघण्यासारखं आहे. सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची 12 इंची तबकडी यानाच्या बाहेरच्या अंगाला जडवली आहे. म्हणजे तीही भिंतीवरच लावली आहे म्हणा! वर अ‍ॅल्युमिनियमचं कव्हर. त्या कव्हरावर गायिकेचा चेहरा नाही, नक्षी नाही. सुई तबकडीवर कुठे टेकवायची आणि तबकडी किती वेगाने फिरवायची, याची आकृती आहे. एका फेऱ्याला 3.6 सेकंद. हा वेळ मोजायचं एकक दिलं आहे हायड्रोजनच्या अणूवरून, कारण बघणाऱ्याला आपलं घड्याळ ठाऊक नसणार. सोबत पिकअप आणि सुईही ठेवली आहे. ऐकणारा भेटेल याची काडीचीही खात्री नसताना माणसांनी सुई पाठवली. आणि इथे, जिथे ऐकणारे टेबला-टेबलाला बसलेत, तिथे ती वाजू शकेल अशी काहीही सोय न ठेवता आपण तबकडी लटकवतो.

अमेरिकेत ल्युमिनेट या संस्थेने 2023मध्ये सांगितलं, की तिथे व्हिनाइल विकत घेणाऱ्यांपैकी जेमतेम निम्म्यांकडे ती वाजवायचं यंत्र आहे. यावर बरीच टिंगल झाली. मला त्यात टिंगलीचं काही दिसत नाही. आवडत्या गायकाची नवी तबकडी कुणी नुसती बघायला घेतली, तर गायकाला पैसे मिळतात, आणि तीच तबकडी उद्या आणखी छापता येते.

आपल्या भिंतींवर जातात त्या तबकड्यांचं तसं नाही.

चोरबाजारात, जुन्या बाजारात, भंगाराच्या गोदामात गठ्ठ्याने मिळणाऱ्या तबकड्यांत लाखेच्या जुन्या तबकड्याही असतात. नाटकातली पदं, कीर्तनं, पोवाडे, लावण्या, नकला, भाषणं. ही लाख आपल्याच जंगलांतल्या किड्याची, छोटा नागपूरच्या पट्ट्यातली. जगभरच्या तबकड्या तिच्यावर चालत. 1942मध्ये महायुद्धामुळे लाखेची आवक तुटली, तेव्हा अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक बंधनं घातली आणि कंपन्या नव्यासाठी जुन्या तबकड्या परत गोळा करू लागल्या. किती आवाज त्या भट्टीत वितळले, त्याची मोजदाद नाही. पण तिथे निदान युद्ध होतं.

मुंबईतच वडाळ्याला ‘यंग इंडिया’ छापाच्या तबकड्या निघत, 1935 ते 1955. मोठ्या कंपन्यांच्या दारात न पोचलेल्या नव्या, हौशी कलावंतांना या छापाने जागा दिली. प्रती थोड्या निघायच्या. कंपनी बंद पडली आणि तिचे कागदही गेले. आज त्या छापाचं जे काही ऐकता येतं ते कुणीतरी घरात प्रत जपली म्हणून. मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचे सुरेश चांदवणकर आणि त्यांच्यासारखे संग्राहक वर्षानुवर्षं अशा तबकड्या शोधत, पुसत, वाजवत, त्यांच्या याद्या करत आले. ‘यंग इंडिया’ आणि ‘ओडियन’ या छापांचा मोठा साठा ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीने संगणकावर उतरला तो अशाच माणसांच्या खटपटीने. एका बाजूला हे काम. दुसऱ्या बाजूला ‘सजावटीसाठी जुन्या तबकड्या, दहाचा संच’ अशी विक्री. त्या दहांत काय आहे, हे विकणारा बघत नाही, घेणाराही बघत नाही. एखाद्या बाईने आयुष्यात एकदाच मुद्रित केलेलं पद त्यात असेल. ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही अशा पोथीची पानं सुटी करून भिंतीला डकवावीत, तसंच हे आहे.

‘पण त्या तबकड्या खराबच झाल्या होत्या,’ असं सांगतात. कुणी ठरवलं? वाजवून पाहिली होती का? धूळ म्हणजे खराबी नव्हे. बुरशीचा पांढरा थरही बऱ्याचदा हलक्या हाताने, नीट पुसल्यावर जातो. लाखेची तबकडी अल्कोहोलने मात्र पुसू नका, लाख विरघळते. आवाजाला खरखर आहे म्हणजे आवाज मेलेला नाही. खाच खरंच घासून गुळगुळीत झाली असेल, तबकडीला आरपार तडा गेला असेल, तर लावा भिंतीवर. पण आधी वाजवा, किंवा ज्याच्याकडे यंत्र आहे त्याच्याकडून वाजवून घ्या. चकतीवरचं नाव आणि क्रमांक लिहून ठेवा. मग हातोडा उचला.

कव्हरं लावायची असतील तर नीट लावा. एलपीचं कव्हर जवळजवळ साडेएकतीस सेंटिमीटर चौरस असतं. तेवढ्या मापाची, पुढून उघडणारी चौकट घ्या किंवा भिंतीला अरुंद फळी ठोकून कव्हरं नुसती टेकवून ठेवा. पाहुण्याने उचलून उलटी करावीत, मागचं वाचावं, पुन्हा ठेवावीत. दर महिन्याला बदला. आतली तबकडी काढून तिच्या आतल्या पाकिटात, कपाटात, उभी ठेवा. आडवी रचलीत तर वजनाने वाकेल. पश्चिमेच्या उन्हाची भिंत टाळा, तिथे छपाईचा लाल रंग पहिला उडतो आणि व्हिनाइल तर उन्हाने वेडंवाकडं होतं. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, कोकणात तर ती ठरलेलीच. तिथे पुठ्ठ्याला डाग पडणार, म्हणून आतली भिंत निवडा. सेलोटेप कधीही नको, निघताना तो कागद घेऊन निघतो.

आणि दुकानदारांनो, तबकडी वाजवायचं एक यंत्र ठेवा. फार महाग नको. भिंतीवर वीस कव्हरं आणि गल्ल्याशेजारी त्यातली वाजवायला पाच तबकड्या. मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊस या तबकड्यांच्या दुकानात माणसं ऐकून मग विकत घ्यायची. ते दुकान 2016मध्ये बंद झालं आणि तबकडी हातात घेऊन तिच्याबद्दल बोलण्याची या शहरातली एक हक्काची जागा गेली. ती जागा कॉफीच्या दुकानांना घेता येईल. गिऱ्हाइकाने कव्हराकडे बोट दाखवावं, दुकानातल्या पोराने ती तबकडी काढावी, सुई टेकवावी. वीस मिनिटांत दोनदा कॉफी खपेल.

ज्यांच्या माळ्यावर आजोबांची तबकड्यांची पेटी अजून पडून आहे, त्यांनी ती भंगारवाल्याला देण्याआधी उघडावी. लाखेच्या तबकड्या कडेने धरून, दोन्ही हातांनी, एकेक काढाव्यात. पडली की फुटलीच. चकतीवर गायकाचं नाव, नाटकाचं किंवा रागाचं नाव, छाप आणि क्रमांक असतो. त्याचे फोटो काढा, दोन्ही बाजूंचे. मुंबई-पुण्यातल्या एखाद्या संग्राहकाला ते दाखवा. ही माणसं अशा तबकड्या बघायला आपल्या खर्चाने दुसऱ्या गावी जातात, हे मी पाहिलं आहे. ते म्हणतील, अमुक तबकडी कितीतरी घरांत आहे, खुशाल टांगा. किंवा म्हणतील, ती हलवू नका, आम्ही येतो.