पत्त्याची मुदत

बुलढाणा जिल्ह्यात नुसतं 'देऊळगाव' म्हणून भागत नाही. राजा, मही की साकर्शा, ते सांगावं लागतं. मलकापूर म्हणालात तर जिल्हाही सांगा, कोल्हापूरकडेही एक मलकापूर आहे. इंटरनेटवरची नावंही अशीच शेवटाकडून उलगडतात: आधी 'इन' किंवा 'भारत', मग त्याच्या अलीकडचं. ही उतरंड पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. त्याआधी सगळ्या यंत्रांची मिळून एकच यादी होती, आणि ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइन्लर यांचं कार्यालय सांभाळत असे.

चिखलीतल्या आमच्या घरी एका जुन्या कॉम्प्युटरवर 'डीएनएसमास्क' चालतो. घरात कुणी एखादं संकेतस्थळ मागितलं, की हा वर विचारून त्याचा आकडी पत्ता आणतो आणि लक्षात ठेवतो. दुसऱ्यांदा विचारलं तर जागचा हलत नाही. वेगळं काही सांगितलं नाही, तर त्याच्या डोक्यात दीडशे नावं मावतात. आमच्या आईला एवढे तर नुसते सोयरे पाठ आहेत.

तो 'नाही' सुद्धा लक्षात ठेवतो, हे जास्त त्रासाचं. पुतण्यानं नवं संकेतस्थळ काढलं आणि नोंद व्हायच्या आतच उतावीळपणे उघडून पाहिलं. झालं! नंतर नोंद झाली तरी हा आपला ठाम: या नावाचं कुणी नाही. माडीवरून हाक आली, "काका, पुसून टाका नं ते एकदाचं!" एक इशारा पाठवला, की याची पाटी कोरी होते. अर्थात ब्राउझरची आठवण वेगळी, फोनची वेगळी, आणि वरच्या सर्वरवर तर आपला काहीच हक्क चालत नाही.

एरवी पुसायची वेळच येत नाही. प्रत्येक पत्ता मुदत घेऊनच येतो: ३०० सेकंद, नाहीतर ८६,४०० सेकंद, म्हणजे अख्खा दिवस. मुदत सरली की विसरायचं. माणसांना एवढी शिस्त कुठली! टॉकीज पाडून किती वर्षं झाली, तरी पत्ता 'टॉकीजच्या मागे' असाच सांगतात, आणि रिक्षावाला नेमका दारात सोडतो. २०२० मध्ये इंटरनेटच्या नियमकर्त्यांनीही लिहून दिलं, की वरून उत्तर येत नसेल तर मुदत उलटलेला पत्ता सांगायला हरकत नाही. आमचे रिक्षावाले त्या कागदासाठी थांबले नव्हते.